उजव्या बाजूचा खिसा

पार्माच्या ऑपेरात खाली खुर्च्यांत बसणारे कपडे दाखवायला येतात आणि वर गॅलरीत बसणारे गाणं ऐकायला, असं गॅलरीवालेच सांगतात. आर्जिया मात्र दोन्हीकडची. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. पडदा वर जाईपर्यंत कठड्यावरून खालच्यांची शिलाई तपासत बसायची. नवरा होता तोवर ऐकायला माणूस होतं. "त्या वकिलाची बाही बघ, बोटभर लांब," ती म्हणे, आणि एर्मेस म्हणे, "गप, वादक आले." आता पाच वर्षं ती मनातल्या मनात नावं ठेवत होती आणि त्यात काडीची मजा नव्हती.

त्या रात्री पहिला अंक संपला आणि खाली एक उंच परदेशी माणूस उभा राहून थिएटर न्याहाळू लागला. काळा कोट, वरच्या खिशात पांढरा रुमाल. बाकी सगळ्यांचे रुमाल डाव्या बाजूला, याचा उजव्या.

आर्जिया कठड्यावरून पुढे वाकली. कोट विटला की उसवायचा आणि कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा, ही तिच्या तरुणपणची रीत. काजं रफू करून लपवता येतात, छातीवरचा खिसा मात्र उजवीकडे जातो तो जातोच. एर्मेसचा कोट तिनेच असा उलटवला होता. तो गेल्यावर दोन वर्षांनी लेकीने "आई, कपाट मोकळं कर" असा घोशा लावला, तेव्हा रागाच्या भरात तिने तो चर्चला देऊन टाकला. त्याची चुटपुट अजून गेली नव्हती. खाली तोच कोट होता. आज तो परत मागायचा, एवढंच तिच्या मनात आलं.

"कुठे निघालीस?" शेजारचा ग्वाल्तिएरो म्हणाला. गॅलरीत जागांना नंबर नसतात. उठला तो मुकला. "कठड्याजवळची जागा आहे. मी राखणार नाही हां."

"नको राखूस."

गॅलरीचा जिना वेगळा, दारही वेगळं. ती थंडीत गल्लीतून वळसा घालून पुढच्या दाराशी आली.

"काय आर्जिया, आज मोठ्या लोकांत?" दरवान म्हणाला.

"पाच मिनिटं सोड रे," म्हणत ती आत शिरली. परदेशी माणूस खांबाशी एकटाच उभा होता.

"अहो, तुमचा खिसा उलट्या बाजूला आहे."

तो हसला. अडखळत का होईना, इथली भाषा बोलत होता. "सगळे सांगतात. डेन्मार्कहून आलो तेव्हा माझ्याकडे विंडचीटर तेवढं. तुमच्या गावात भाजी घ्यायलासुद्धा लोक इस्त्री करून निघतात, मला लाज वाटायची. मग जुन्या बाजारात हा मिळाला. आणि बाई, मी डावखुरा. हा खिसा माझ्यासाठीच शिवलाय."

आर्जियाचं मागणं राहूनच गेलं. त्याच्या बाहीचं एक बटण लोंबत होतं.

"काढा कोट," ती म्हणाली. सुई-दोरा तिच्या कॉलरच्या आत टोचलेला असायचाच. तो गोंधळला, पण त्याने काढला.

कोट गरम होता. ती दोन वर्षं कपाटात त्याला रोज हात लावून बघायची, तेव्हा तो गार असायचा. तिला रडू येऊ लागलं, म्हणून तिने मान खाली घालून टाके घातले. घंटा झाली. तिने दाताने दोरा तोडला, कोट त्याच्या मागे धरला, त्याने हात घातल्यावर सवयीने त्याचे दोन्ही खांदे झटकले आणि निघाली.

वर तिच्या जागी एक जाडी बाई बसली होती. आर्जिया मागे भिंतीशी उभी राहिली. तिथून खालचं काहीच दिसत नाही.

ग्वाल्तिएरोने मान वळवली. "गेली ना जागा? कशाला गेली होतीस?"

"बटण लावायला."

"कुणाचं?"

"आमच्या ह्यांचं."