वाल सोलतानाचा फोन

यंत्रांची भांडणं सोडवायची, हा माझा धंदा. तळोज्याच्या कारखान्यातला जुना व्हिडिओ फोन एका प्रोटोकॉलने बोलतो, न्हावा शेवाच्या ऑफिसातला लॅपटॉप दुसऱ्याच, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला काही कळत नाही. मग मधे मी बसवलेला सर्व्हर, दुभाष्यासारखा. या कामाचा मला भलता गर्व होता. होता म्हणतोय, कारण शेजारच्या मावशींच्या फोनने तो पार उतरवला.

मावशी पनवेलला आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. आपल्या कोकणातल्याच ज्यू. त्यांची ताई लग्न होऊन इस्रायलला गेली, मावशी इथेच राहिल्या. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आधी, दोघींचा फोन ठरलेला. पण बोलणं कसलं! चार वाक्यं झाली की फोन चालूच ठेवून इकडे मावशी वाल सोलायच्या आणि तिकडे ताई विणत बसायच्या. तासभर कुणी चकार शब्द काढायचं नाही. मधेच एखादी खोकायची, दुसरी म्हणायची, पाणी पी. मला आधी हसू यायचं, मग हेवा वाटायला लागला. मी आणि माझी बायको एका खोलीत बसूनही इतक्या सुखाने गप्प राहत नाही.

मग ताई वृद्धाश्रमात गेल्या. तिथे फोन घ्यायचा तो आश्रमाच्या टॅबलेटवर, ब्राउझरमधूनच. इकडे मावशींचा हात थरथरतो, काचेवर बोट टेकलं की भलतंच काहीतरी उघडतं. मी ऑफिसात भंगारात निघालेला बटणांचा व्हिडिओ फोन आणला, मधे सर्व्हर लावला आणि दोघींची गाठ घालून दिली. चित्र काही जुळेना. मावशी म्हणाल्या, राहू दे, तोंड बघून काय करायचंय, दोघीही म्हाताऱ्याच झालोय. मी 'हॅलो, हॅलो' करून आवाज तपासला. खणखणीत होता. खुशीत घरी आलो.

पुढे काही महिने मावशी ताईंचं नावच काढीनात. विचारलं तर म्हणाल्या, तिला आता माझा कंटाळा येतो, फोन ठेवून देते. माझा विश्वास बसेना. एका शुक्रवारी मुद्दाम जाऊन बसलो. बोलणं झालं, मावशींनी वालाची परात पुढे ओढली, शांतता झाली, आणि थोड्याच वेळात फोन कट. मावशींनी फोन बाजूला सारला.

फोन का तुटला ते मला लगेच कळलं. एका बाजूच्या यंत्राचा नियम असा, की माणूस बोलत नसेल तर उगाच काही पाठवू नका. दुसऱ्या बाजूचा असा, की पलीकडून काही आलं नाही तर माणूस गेला असं समजून फोन तोडा. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे. मी तपासताना सारखा बडबडत होतो. गप्प बसून कोण फोन तपासतो? आणि तिकडे ताईंना वाटत होतं, मावशीच फोन ठेवते. दोघी एकीपेक्षा एक हट्टी, विचारणार कोण?

दुरुस्ती म्हणजे एक सेटिंग बदलणं. चहा निवायच्या आत झाली. दोघींनाही नीट फोड करून सांगितलं. दोघी हसल्या, मला वाटलं मिटलं.

कसलं मिटतंय! आता शुक्रवारी मावशी पाठीमागे कुणी लागल्यासारख्या बोलतात. लिफ्ट बंद आहे, भाजी महागली, कोणाचं कोण गेलं. विषय संपत आले की आवाजात घाई येते, 'चल, ठेवते' म्हणतात आणि खरंच ठेवतात. वाल मग एकट्याच सोलतात. मला ते बघवत नाही, फार हळहळ वाटते. परवा न राहवून म्हटलं, "मावशी, आता गप्प बसलात तरी फोन तुटत नाही. मी स्वतः बघितलंय."

"माहीत आहे रे," मावशी म्हणाल्या. "पण गप्प झालं की वाटतं, आता ती ठेवणार. म्हणून आधी मीच ठेवते."