पडद्यावरचं लगन

अकोल्यात मोर्णेकाठच्या मैदानात बायस्कोपचा तंबू लागला, तेव्हा सत्यवती दाराशी झेंडूचे हार घेऊन बसायची. तेव्हाची चित्रं मुकी. कलकत्त्याहून आलेल्या चित्रात मधूनमधून अक्षरं दिसायची, तीही बंगाली. म्हणून तंबूवाल्यानं पडद्याशेजारी एक भोंगेवाला उभा केला होता. तो गोष्ट सांगायचा, आणि जिथं त्यालाच कळायचं नाही तिथं मनचं घालायचा.

सत्यवतीचा नवरा गोवर्धन त्याच कलकत्त्यात होता. शेजारचा सहदेव संत्री घेऊन तिकडे जायचा. गोवर्धन त्याच्यासोबत गेला आणि एका सिनेमा कंपनीच्या बागेत माळी म्हणून राहिला. पहिल्या दिवाळीला घरी आला, दुसऱ्या दिवाळीला नाही. सहदेव निरोप आणायचा, "बरा हाये. काम लय हाये." तेवढ्यावर तिनं वर्ष काढलं होतं.

"आत्याबाई, चला नं," ती सासूला, पार्बताबाईला, म्हणाली. "ते राहातेत ते गाव तरी पाहू."

पार्बताबाई कुरकुरत आली. पडद्यावर एक जमीनदारबाबू आला, रडला, घोड्यावरून गेला. मग लग्नाचा मांडव दिसला. नवरदेव पाठमोरा होता, डोक्यावर पांढरा उंच टोप, गळ्यात हार. बसताना त्यानं डावा खांदा आधी खाली टाकला. मोटेवर बैलानं ओढून खांदा दुखावल्यापासून गोवर्धन तसाच बसायचा.

"हे त आपलेच हायेत!" सत्यवती उभीच राहिली.

नेमका तेव्हाच भोंगेवाला ओरडला, "पहा मंडळी, बाबूनं दुसरं लगन लावलं!"

तंबूभर हशा झाला. पण दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात कोणी हसत नव्हतं. गोवर्धननं बंगालीण केली, असं बायका तिच्यासमोर कुजबुजल्या आणि टाकलेल्या बाईचे हार नकोत म्हणून ते दुसरीकडून घेतले. सत्यवती घरी येऊन चुलीपुढं बसली. रडली नाही, पण भाकरी करपल्याचंही तिला कळलं नाही.

पार्बताबाईनं तवा उतरवला. "सायदेव परवा जाते. आपुनबी जाऊ. डोळ्यानं पाहू."

कलकत्त्यात सहदेवनं त्यांना कंपनीच्या फाटकापाशी सोडलं. आत खरीच बाग होती. गोवर्धन वाफ्यात बसून रोपांना माती लावत होता. वर पाहिलं आणि तसाच राहिला.

"तुमचं लगन पाहून आली मी," सत्यवती म्हणाली.

"कोनतं?"

"कोनतं म्हनते!" पार्बताबाई कडाडली. "किती केले रे तू?"

"तीन," गोवर्धन म्हणाला, आणि आईचा चेहरा पाहून घाईनं सांगू लागला. कंपनीच्या मोठ्या नटाला फुलांचा वास सोसत नसे. हार गळ्यात पडला की शिंका सुरू. मग पाठीमागून चित्र घेताना हार घालून माळ्याला बसवत. "तोंड कधी दिसलं काय माहं?"

"मंग दिवाळीले कावून नाई आले?"

"हिवाळ्यात ऊन चांगलं रायते. चित्र उन्हातच निघते. सोडत नाईत." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तू पाठीवरून ओयखलं मले?"

ती वाफ्याशी खाली बसली. त्याच्या हाताची माती पदरानं पुसत राहिली.

झाडाखाली पडद्यावरची नवरी बसली होती. तिचं नाव रुबी. गोऱ्या बापाची, काळ्या आईची. बंगाली तिला धड येत नव्हतं, पण मुक्या चित्रात कोण विचारतं? काय झालं ते कळल्यावर ती पोट धरून हसली, आणि आपल्या जागेवर सत्यवतीला बसवून स्वतः गवतात बसली.

पार्बताबाई पंधरवड्यानं परतली, मासळीच्या वासाला शिव्या देत. सत्यवती राहिली. रोज सकाळी ती रुबीच्या केसात गजरा माळायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बोटांनी, डोळ्यांनी चालायचं.

काही वर्षांनी चित्रं बोलू लागली. बागेत नटी बोलायला लागली की वर कावळे ओरडायचे, आणि तेही चित्रात ऐकू यायचे. कंपनीनं भिंती बांधून दारं लावून घेतली, चित्र आतच निघू लागलं. माळी नको झाला. रुबीला बंगाली वाक्यं म्हणायला लावली, ऐकणारे हसले. तिलाही नको म्हणाले.

शेवटच्या दिवशी ती वाफ्यापाशी आली. चेहऱ्याला रंग नव्हता, केस मोकळे होते. सत्यवतीनं तिला जवळ बसवून, विंचरून वेणी घातली. बागेत उरलीसुरली फुलं होती ती सगळी माळली. रुबी आरशात न पाहता उठली, सत्यवतीच्या गालाला गाल लावून फाटकाबाहेर गेली. पुढं तिचं काय झालं, ते यांना कधी कळलं नाही.

गोवर्धन आणि सत्यवती अकोल्याला आले. येताना त्यानं बागेतल्या रजनीगंधेचे कंद आणले होते. काळ्या मातीत ते जोमानं धरले, आणि मोर्णेकाठच्या लग्नांत झेंडूसोबत पांढरी फुलंही दिसू लागली.