खडूच्या दोन रेघा

टाकेमावशींकडे तीन चष्मे आहेत. एक सुईत दोरा ओवायचा, एक रस्त्यावर चालायचा आणि एक कापायचा. कापायचा म्हणजे टेबलावर पसरलेलं कापड उभ्याने, हातभर अंतरावरून नीट दिसावं म्हणून मुद्दाम करून घेतलेला. त्यातून हातभरावरचं सगळं लख्ख दिसतं आणि पुढचं जग धुक्यात जातं. हाच चष्मा लावून मावशी दहा मीटरवरच्या टार्गेटवर एअर पिस्तुलाने छर्रे मारतात. नव्या माणसाला हे कळलं की तो गुपचूप दोन पावलं मागे सरकतो.

सरकू नये. पिस्तुलाच्या नेमबाजीत टार्गेटकडे बघायचंच नसतं. नळीच्या टोकाला बारीकसा खुंट असतो, त्याला माशी म्हणतात, आणि मागे खाच. माशी खाचेत मधोमध आणायची, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायचा आणि चाप असा हळू मागे आणायचा की छर्रा कधी सुटला ते आपल्यालाही कळू नये. टार्गेट काळा ठिपका म्हणून कुठेतरी दिसलं तरी पुरे. हे शिकवता शिकवता प्रशिक्षकांचा घसा बसतो, कारण तरण्या डोळ्यांना लांबचं बघायची हाव असते. मावशींना ती हाव परवडतच नव्हती. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, यांना देवाने नेमका पाहिजे तोच दिला होता.

मावशी शिवणकाम करतात. जिन्याखालचं दुकान, दोन मशीन, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर लोकांनी शिवून घेतलेले पण न नेलेले ब्लाउज. आठ वर्षांपूर्वी नेमबाजी क्लबचे प्रशिक्षक रायफलवाल्या मुलींची जाड कॅनव्हासची जाकिटं घेऊन आले. ही जाकिटं म्हणजे एक प्रकरणच असतं. फार सैल असली तर नेम हलतो, फार ताठ असली तर तपासणीत बाद होतात. तीन शिंप्यांनी हात टेकले होते. मावशींनी चार सुया मोडल्या आणि पाचवीने जमवलं. वर प्रशिक्षकांना सुनावलं, "पोरगी रायफल घेऊन उभी राहते तेव्हाचं माप पाहिजे मला. दुकानात हात खाली सोडून उभी राहते त्या मापाचा काय उपयोग?"

म्हणून त्या माप घ्यायला क्लबच्या नेमबाजी रेंजवर गेल्या. "एक टाका घातला की झालं" हे त्यांचं पालुपद ऐकून पोरींनी टाकेमावशी हे नाव ठेवलं, आणि एका दुपारी प्रशिक्षकांनी गंमत म्हणून त्यांच्या हातात क्लबचं जुनं पिस्तूल दिलं. तीस वर्षं कात्री चालवलेला हात. मावशींनी पाच छर्रे मारले. प्रशिक्षकांनी कागद जवळ आणून बघितला, मग मावशींकडे बघितलं, मग पुन्हा कागद बघितला आणि म्हणाले, "मावशी, उद्या याल का?"

त्या गेल्या ते गेल्याच. दुकान आठला उघडायचं ते दहाला उघडायला लागलं. क्लबच्या पिस्तुलाची मूठ कुणा आडदांड पुरुषाच्या पंजाची होती. मावशींनी ती कानशीने घासली, लाकडाच्या भुशाची लुगदी थापली, पुन्हा घासली, आणि आपल्या तळहाताला अशी बेतली की दुसऱ्या कुणी पिस्तूल उचललं की त्याला आपलेच हात चुकीचे वाटावेत.

आता विहीणबाई. गावातल्या नावाजलेल्या दातांच्या डॉक्टर. कॉलेजपासून पिस्तूल मारणाऱ्या, स्वतःचं चकचकीत पिस्तूल असलेल्या आणि क्लबच्या तिघींच्या संघात सलग सहा वर्षं तिसरी जागा धरून बसलेल्या. पहिल्या दोन जागा कॉलेजच्या दोन पोरींच्या होत्या, त्यांच्या जवळपासही कुणी पोहोचत नसे. डॉक्टरीणबाई रेंजवर मावशींना "टेलरबाई" म्हणत, आणि तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. पण मावशींचा मुलगा आईला घ्यायला यायचा, डॉक्टरीणबाईंची मुलगी आईला घ्यायला यायची, आणि दोघांच्या आया आत काळ्या ठिपक्यांवर नेम धरत असताना बाहेर बाकावर भलताच नेम लागला. लग्न झालं. सून मावशींच्या घरात साखरेसारखी विरघळली. पण तिच्या आईच्या तोंडून "टेलरबाई" काही गेलं नाही. दोन वर्षं झाली तरी.

मावशी मात्र सगळ्या रेंजला ऐकू जाईल अशा आवाजात "काय विहीणबाई, दाढदुखी काय म्हणते?" असं विचारत. डॉक्टरीणबाई कपाळाला आठी घालून कानात रबरी बोळे घालत. मला विचाराल तर दोघीही काही कमी नव्हत्या.

या वर्षी मावशींनी ठरवलं होतं. दोन वर्षं त्या चौथ्या आल्या होत्या, म्हणजे राखीव, म्हणजे संघाच्या बॅगा सांभाळायच्या आणि जाकिटांची बटणं लावायची. वय चोपन्न. आणखी किती वर्षं हात असाच राहील याची कुणी हमी देत नाही. त्यांना ती तिसरी जागा हवी होती. साध्या शब्दांत सांगायचं तर त्यांना दुसऱ्या गावी स्पर्धेला नेमबाज म्हणून जायचं होतं, सुईदोरा घेऊन नाही.

निवडीच्या दिवशी चिठ्ठ्यांमध्ये मावशींना उभं राहायची सात नंबरची जागा आली, विहीणबाईंना सहा. अगदी शेजारी. प्रशिक्षकांनी डोक्याला हात लावला.

साठ छर्रे, प्रत्येकाचे जास्तीत जास्त दहा गुण. आधी तपासणी झाली. पंचांनी पिस्तुलाच्या चापावर अर्ध्या किलोचं वजन टांगून बघितलं, चापाने ते पेललं. मूठ ठरल्या मापाच्या पेटीत बसते का तेही पाहिलं. मावशींची लुगदीची मूठ बसली, पण पेटीच्या कडेला घासून. "शिवण जरा घट्ट आहे," मावशी म्हणाल्या. पंच हसले नाहीत.

मग त्यांनी आपली जागा घेतली आणि आपला नेहमीचा उद्योग केला. खिशातून शिंप्याचा निळा खडू काढून दोन्ही पावलांभोवती जमिनीवर रेघ मारली. पाय दोन बोटं सरकला की अंग वळतं, अंग वळलं की हात वळतो, आणि मग हाताला ओढून नेमावर आणावं लागतं. ओढलेला हात थकतो. म्हणून पाय ठरलेल्या जागीच हवेत. सरावाच्या छर्‍यांत त्यांच्या लक्षात आलं की हात डावीकडे, विहीणबाईंच्या टार्गेटकडे जातोय. त्यांनी मागचा पाय दोन बोटं सरकवला, नवी रेघ मारली. हात सरळ आला.

जुनी रेघ त्यांनी पुसली नाही. शिंपी पुसत नाही. कापडावर माप बदललं तर नवी रेघ मारतात आणि जुनी राहू देतात, उद्या गिऱ्हाईक म्हणालं की पहिलंच बरं होतं तर पंचाईत नको. तीस वर्षांची सवय. तिथेच सगळं फसलं.

त्या दिवशी मावशींचा हात असा चालला की प्रशिक्षक मागे खुर्चीवर बसायचे विसरले. दहा, नऊ, दहा, दहा, नऊ. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. श्वास, माशी, उजेड, चाप. एवढंच. सत्तावन्न छर्रे झाले तेव्हा त्यांच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर पाचशे वीस गुण होते. तीन छर्रे राहिले होते आणि साधे नऊ-नऊ मारले तरी तिसरी जागा खिशात होती. मागे बसलेल्या सुनेने नवऱ्याचा दंड एवढा घट्ट धरला की तो म्हणाला, "अगं, हात माझा आहे, पिस्तुलाची मूठ नाही."

मावशींनी पिस्तूल खाली ठेवलं, खुर्चीवर बसून तळहाताचा घाम पुसला, चार घोट पाणी प्यायल्या. उठल्या. खाली बघून पाऊल रेघेत ठेवलं. छर्रा भरला, हात उचलला. माशी खाचेत अशी बसली जशी दिवसभरात बसली नव्हती. छर्रा सुटला आणि त्यांना आतून कळलं की हा दहा.

पडदा गप्प.

त्यांनी वाट बघितली. पडद्यावर सत्तावन्नच. त्यांनी हात वर केला, पंच आले, वाकून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "छर्रा नोंदला गेला नाही. यंत्राचा दोष असेल तर तुम्हाला एक जास्तीचा देऊ. थांबा, तपासतो."

मावशी थांबल्या. आणि थांबल्या थांबल्या त्यांची नजर खाली गेली. त्यांचं मागचं पाऊल जुन्या रेघेत होतं.

त्यांनी मान न हलवता डावीकडे डोळे वळवले. कापायच्या चष्म्यातून विहीणबाईंचा पडदा तेवढा स्वच्छ दिसत होता, कारण तो हातभर अंतरावरच होता. त्यावर एक नवाकोरा दहा चमकत होता. आणि विहीणबाई खुर्चीवर डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शेवटच्या छर्‍यांआधी त्या नेहमी अशाच बसत. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

कुणीच पाहिलं नव्हतं. पंच यंत्राच्या तारांकडे बघत होते. पाऊल दोन बोटं सरकवलं असतं तर मावशींना जास्तीचा छर्रा मिळाला असता, तिसरी जागा मिळाली असती. तपासणीत खरं बाहेर आलं असतं की नसतं, कोण जाणे. मी खोटं सांगत नाही, मावशींच्या मनात ते आलं. पायाची बोटं बुटात हललीसुद्धा. चोपन्न वर्षांच्या बाईच्या मनात काय काय येतं ते देवाला ठाऊक. पण आपल्या हातून उसवलेलं आपल्याला दिसत असताना गिऱ्हाइकाला तसंच घालायला द्यायचं, हे त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"यंत्र ठीक आहे," त्या पंचांना म्हणाल्या. "मी चुकून शेजारी मारला. त्यांच्या पडद्यावरचा तो दहा माझा आहे."

विहीणबाईंनी डोळे उघडले. पंचांनी दोन्ही पडदे पाहिले, मावशींकडे पाहिलं, जमिनीवरच्या दोन निळ्या रेघांकडे पाहिलं. नियम सरळ होता. विहीणबाईंच्या खात्यातून तो दहा गेला. मावशींच्या नावावर शून्य लागलं. अठ्ठावन्नावा छर्रा, शून्य.

पंचांचं हे लिहून होईपर्यंत विहीणबाईंनी आपले उरलेले छर्रे मारले. त्यांचाही हात जरा हलला, पण जुनी खोडं ती, एवढ्याने उन्मळत नाहीत. शेवटी त्यांच्या पडद्यावर आकडा थांबला: पाचशे एकोणचाळीस. त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या.

मावशींचे दोन छर्रे बाकी, गुण पाचशे वीस. गिऱ्हाईक दारात उभं असताना मनात कापडाचा हिशेब करणाऱ्या बाईला हा हिशेब करायला किती वेळ लागणार? एक दहा आणि एक नऊ आले तर बरोबरी, आणि बरोबरीत ज्याचे मधोमध लागलेले दहा जास्त तो पुढे. ते विहीणबाईंचे जास्त होते. म्हणजे दोन्ही दहाच हवेत.

वेळ उरला होता चार मिनिटं. मावशींनी बुटाच्या टाचेने जुनी रेघ घासून घासून पुसली. सगळ्या रेंजने ते बघितलं. मग पाऊल ठेवलं.

पहिल्या वेळी त्यांनी हात उचलला आणि माशी डोलायला लागली. हात खाली. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. रेंजवर एवढी शांतता की पंख्याचं कुरकुरणं ऐकू येत होतं. तिसऱ्यांदा उचलला, श्वास अर्धा सोडला, आणि चाप आपोआप मागे आला.

दहा.

मागे कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज केला. सूनच असणार. अडीच मिनिटं.

शेवटचा छर्रा भरताना बोटातून निसटून टेबलावर गडगडला. मावशींनी तो सोडून दिला, डबीतून दुसरा घेतला, बोटांत फिरवून कड दबलेली नाही ना ते बघितलं, जशा त्या नवी सुई बघतात. बसवला. हात उचलला. छातीत धडधड एवढी की प्रत्येक ठोक्याला माशी नाचत होती. त्यांनी तिला नाचू दिलं. दोन ठोक्यांच्या मध्ये एक बारीक फट असते. तिथे उजेड दोन्ही बाजूंना सारखा झाला.

छर्रा सुटला. मावशींनी हात खाली आणला नाही. चष्मा काढला नाही. पडद्याकडे बघायची हिंमतच होईना.

मग मागून प्रशिक्षकांच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं आणि मावशींना कळलं. पाचशे चाळीस.

मुलगा आणि सून धावत आले, पण पंचांनी हात आडवा धरून दोघांना रेषेमागे थांबवलं, पिस्तूल रिकामं दाखवेपर्यंत कुणी पुढे यायचं नाही. मावशींनी पिस्तूल उघडून दाखवलं. आणि मग त्या रडायला लागल्या, खुशाल, पदराने चष्मा पुसत, हसत हसत.

विहीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे डोळेही कोरडे नव्हते. सहा वर्षं काही थोडी नसतात. मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आज "दाढदुखी" विचारायची हिंमत नव्हती.

"दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काही दिलंत," विहीणबाई म्हणाल्या, "तेही पंचांनी काढून घेतलं."

मावशींना हसू फुटलं. विहीणबाईंनाही आलं, नको नको म्हणता. मग त्या उठल्या, मावशींच्या हातातलं ते जड, लुगदी थापलेलं पिस्तूल काढून घेतलं आणि स्वतःच्या पेटीत, आपल्या पिस्तुलाशेजारी नीट ठेवलं.

"चला, विहीणबाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जागा गेली खरी. पण घरातच राहिली."