कुमुदताईंनी आखलेला रस्ता

कुमुदताई गेल्या, हे मला कचेरीतल्या फळ्यावरून कळलं. 'ट्रक आडवे लावू नयेत' या सूचनेखाली खडूनं चार ओळी, त्यातही आडनाव चुकलेलं. कापडाचे लूम चालवणाऱ्या मालकांच्या ज्या सोसायटीत त्यांनी इतकी वर्षं नकाशे काढले, तिला त्यांचं नावही धड लिहिता आलं नाही... तेव्हा जी किळस आली, ती महिना उलटला तरी गेलेली नाही.

मी तिथला टायपिस्ट. ऐंशीच्या दशकात ताई दिघाशी गावाहून एसटीनं यायच्या आणि नाक्यापासून आमच्या कंपाउंडचा रस्ता चालत यायच्या. लूमच्या खडखडाटात मागून आलेला टेम्पो ऐकूच यायचा नाही. एकदा शिफ्ट सुटताना शांता नावाची, लूमसाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई ट्रकखाली गेली. "बाई बघून चालत नव्हती," असं मालक सांगत सुटले. ताई मात्र आठवडाभर शिफ्ट सुटायच्या वेळी नाक्यावर उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी नकाशा केला. ट्रकना एकच दिशा, सायकलींना वेगळी पट्टी, चालणाऱ्यांसाठी उंच पट्टी आणि मध्ये करंजांची रांग. सभेत म्हणाल्या, "या रस्त्यानं माणसं जास्त जातात. मग तो ट्रकांचा कसा?" शांताचं प्रकरण पोलिसात ताजं होतं, म्हणून नकाशा मंजूर झाला. माणुसकीचा त्यात काही संबंध नव्हता.

पण रस्ता झाला, आणि काही वर्षं काय देखणा होता! करंज डोक्यावर गेले, दुपारी त्यांच्या सावलीत डबे उघडू लागले. सायकलवरून येणारे रज्जाकभाई लूम चालवायचे. ते ताईंना म्हणायचे, "बहनजी, अब डरकर पीछे नहीं देखना पड़ता." ताई लाजून पदर सारखा करायच्या.

नव्वदीत गोदामं वाढली. ट्रक उभे करायला जागा हवी झाली आणि नेमके तेव्हाच करंज एकामागून एक वाळू लागले. ताईंनी एका बुंध्याजवळची माती उचलून माझ्या नाकाशी धरली. नाकात झिणझिण्या आल्या. तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड! "झाडं वाळली न्हाय, जाळली हायत," त्या म्हणाल्या. राग आला की त्यांची गावची बोली वर यायची. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या अध्यक्षांनी मला ठराव सांगितला, 'रोगाने झाडे मेल्यामुळे जागा वाहनांसाठी मोकळी करावी.' मी टाइप केला. घर होतं, दोन मुली होत्या... पण ते सांगून काय उपयोग?

ताईंनी तो कागद दोनदा वाचला. "रोगानं? माती तू हुंगलीस ना रे?"

मी मशीनमध्ये दुसरा कागद सरकवला. त्यांनी राजीनामा हातानं लिहिला. माझ्याकडे टाइप करायला दिला नाही. पुढे त्या गावच्या मुलींना चित्रकला शिकवत राहिल्या, माझ्याशी मात्र बोलल्या नाहीत. मागच्या महिन्यात झोपेतच गेल्या म्हणे.

शोकसभेत तेच अध्यक्ष उभे राहिले. "ताई म्हणजे हिरवाईचं दुसरं नाव," असं म्हणत त्यांनी डोळे पुसले आणि रस्त्याला ताईंच्या नावाची पाटी लावायचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठलो. "रोग नव्हता, तेजाब होतं. खोटा ठराव मी टाइप केला. मला माहीत होतं." कुणीतरी माझी बाही ओढून म्हणालं, "अरे, मेलेल्या बाईचा तरी मान ठेव." तेवढ्यात बटाटेवड्याच्या बश्या फिरल्या आणि माणसं बोटं चाटत सुताच्या भावातल्या चढउतारावर बोलू लागली.

मी बाहेर आलो. शिफ्ट सुटली होती. रस्ताभर कडेनं ट्रक उभे. कांडीवाल्या बायका त्यांच्या आणि गटाराच्या मधून अंग चोरत, एकीमागे एक चालल्या होत्या. एक नवी पोरगी मोकळ्या रस्त्याकडे वळली, तशी मागची म्हातारी ओरडली, "पट्टीनं चल गं, पट्टीनं!"

तिथं आता पट्टी कुठली? ट्रकांसाठी ती केव्हाच सपाट केलेली. पोरगी गोंधळून पायांखाली बघू लागली. म्हातारीनं तिचा दंड धरला आणि बरोबर तिथून नेली, जिथं ताईंनी नकाशात रेघ ओढली होती.