खाली सहा व्होल्ट, वर बारा

आमच्या घरी दिवा जेवणापुरताच लागायचा. बाप ठेकेदाराकडे बांबू तोडायचा, आई मोहफुलं वेचायची. त्या घरातला पहिला बी.एस्सी. मी. सैन्यात सिग्नलमन झालो तेव्हा वाटायचं, वीज आपल्याला कळते.

त्या पावसाळ्यात आमची तुकडी आरमोरीजवळ वैनगंगेच्या काठी होती. पलीकडच्या गावात पाणी शिरलं, माणसं शाळेच्या कौलांवर चढली. चांद्याहून होड्या मागवायच्या होत्या. कॅप्टनसाहेब काठावर, वायरलेस सेट दीड मैलावर टेकडीवर. फील्ड टेलिफोन भिजून बंद. चिठ्ठी घेऊन पळणाऱ्या रनरला चाळीस मिनिटं लागत.

टेकडीपर्यंत केबल टाकली. काठावर मोर्स की दाबली की वर सेट बोलला पाहिजे. पण खालची बॅटरी सहा व्होल्टची, वरच्या सेटची बाराची. थेट जोडलं तर काहीतरी जळणार. मध्ये रिले हवा, म्हणजे खालच्या करंटने फक्त त्यातली लोखंडी पट्टी ओढायची आणि पट्टीने वरचं सर्किट चालू करायचं. पेटीत दोन रिले होते. मी टेकडीवर तारेच्या टोकाला मीटर लावला. पूर्ण सहा! 'सहा व्होल्ट' लिहिलेला रिले जोडला. खालून की दाबली गेली. पट्टी हललीच नाही.

"का गा बीएस्सी, झोपला का तुझा रिले?" हवालदार गेडाम म्हणाले. ते आरमोरीचेच.

"भाऊ, मीटर तर सहा दाखवते!"

"रिकामी बंडी ओढून पाह्यली तू. रिले जोडलेला असू दे अन् मोज."

मोजलं. जेमतेम दोन. लांब तारेनेच बाकीचं खाल्लं होतं.

त्यांनी दुसरा, तारघरातला जुना रिले काढला. केसासारख्या तारेची कॉइल. "याले करंट कमी लागते, मंग तारही कमी खाते. हा लाव."

टक्!

तीन वाजून दहा मिनिटं. टक्, टक्‌टक्. काठावरचा हात टेकडीवरून बोलत होता. मी ओरडलोच. भाऊ हसले, "आता खरा बीएस्सी झाला गा."

गावाचं नाव गेलं आणि आवाज थांबला. टेकडीखालच्या नाल्याला पूर चढला होता, तिथेच केबल तुटली असणार.

"मी जातो, भाऊ."

"तू इथीच राह्य. सेट सोडू नको. ऑर्डर आहे." पक्कड घेऊन ते नाल्याकडे उतरले.

तीन चाळीसला पट्टी पुन्हा हलली. उरलेला संदेश गेला. चांद्याचं उत्तर आलं: होड्या निघाल्या.

संध्याकाळी नाल्याच्या काठावर हवालदारांची पक्कड सापडली. ते सापडले नाहीत. केबलला त्यांनी मारलेला जोड मात्र पक्का होता.

कौलांवरची सगळी माणसं जिवंत उतरली. तो संदेश हवालदार गेडाम यांनी पोचवला.