आमेन आवरलं तो दिवस

"हे बगा होसियादादा, तितं तोंड उगडायचं न्हाई. आपलं चर्च न्हाई त्ये."

"आगं ओझेला, कुनी चांगलं बोललं की आमेन आपसूक निगतंय तोंडातनं. मी काय करू?"

"रुमाल कोंबा."

आमच्या चर्चची जुनी बस आम्हा सगळ्यांना घेऊन राजधानीकडं निघाली होती. ओझेला टब्स कारखान्यात माझ्या शेजारी मासे कापते. तिचा भाऊ लेम्युअल तरणा असताना तुरुंगात गेला, आता सत्तरीला टेकलाय. पॅरोल मंडळानं तीनदा 'नाही' म्हटलं, तेही त्याचं तोंड न बघता. कायदाच तसा जुना, नुसते कागद बघायचे. आता तो बदलायचं विधेयक आलं होतं: साठीपुढच्या कैद्याला मंडळानं समोर बसवून ऐकावं. त्या दिवशी विधिमंडळाच्या समितीत अडकलं तर गेलं वर्षावर, आणि लेम्युअलच्या छातीचा तेवढा भरवसा नव्हता.

समितीच्या खोलीत अध्यक्षानं आधीच दम भरला, "गलका झाला तर खोली रिकामी करीन. विधेयक मग पुढच्या साली."

ओझेला उठली. "सायेब, मासा इकत घेताना बी मानूस त्येचं डोळं बगतो. माज्या भावाचं डोळं तुमी कवा बगितलं?"

"आमेन!" होसियादादा गरजले. मागोमाग अख्खं चर्च. आमच्यात बोलणाऱ्याला साथ दिली नाही तर त्याचा अपमान होतो.

हातोडा आपटला. "आता एक शब्द आला तर बाहेर!"

ओझेला रविवारी चर्चच्या दारात उभी राहून माणसं जागेवर बसवते, तिथं प्रार्थना मोडू नये म्हणून सगळं हातानंच सांगायचं असतं. तिनं मागं न वळता हात पाठीशी नेला आणि तळवा खाली दाबला. सगळे चिडीचूप. होसियादादांनी खरंच रुमाल कोंबला. घुसमटले, पण काढला नाही.

मग तिनं लेम्युअलचं सांगितलं. तुरुंगातल्या म्हाताऱ्यांना तोच अंघोळ घालतो, एवढंच.

एका मताच्या फरकानं विधेयक पुढं सरकलं. अजून सभागृहं आहेत, गव्हर्नरची सही आहे. पण सरकलं.

सोमवारी मी विचारलं, "आला तर ठिवशील कुटं?"

"मागच्या खोलीत. ती रंग द्यायला काडलीया. निळा का पांडरा, त्येलाच इचारनार हाय." तिनं सुरी धारेला लावली. "सरक तिकडं, माशांचा पट्टा सुरू झाला."