दिगूच्या घरातली माझी गॅलरी

जतच्या स्टँडवर एसटी सुटली तेव्हा आईनं खिडकीतून चिवड्याची पुडी कोंबली आणि रडली. धाकटा भाऊ दिगू मात्र मोटारसायकलवर बसून हसत होता. गावातच राहणाऱ्याला कशाला रडू येईल? आमच्या घरात कॉलेज शिकलेली पहिली मीच, म्हणून जायचं होतं ते मलाच.

आता दादरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. पण बिल्डिंग बघावी! शंभरीला टेकलेली. गोल वळणाच्या गॅलऱ्या, दारांवर झरोके, पायाखाली वेलबुट्टीच्या लाद्या. बांधणाऱ्यानं आधी वारा कुठून येतो ते पाहिलं, मग भिंती घातल्या. हे मी गावाकडं फोनवर किती वेळा ऐकवलं असेल!

दिगू एकदा येऊन राहिला. वितीनं कठडा मोजला, फोटो काढले. मी मास्तरणीसारखं सगळं समजावून सांगितलं.

परवा त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले आणि फाटकातच थबकले. माझीच गॅलरी! तेच वळण, तेच झरोके, लाद्यासुद्धा तशाच. ज्याचं मी दर महिन्याला भाडं भरते ते याचं स्वतःचं, आणि वर गॅलरीत आई बसलेली. खरं सांगते, पोटात दुखलं. पेढासुद्धा गोड लागला नाही.

आई खोल्या दाखवत फिरली. "ही दिगूची, ही पोरांची, ही पाव्हण्यांची. तुजी बॅग हितं ठिव."

"मी पाव्हणी व्हय गं?"

"आगं, फ्यान नवाकोरा हाय ह्या खोलीत!"

दिगू मागनं म्हणाला, "आक्का, खोली तुज्याच नावानं काढलीया. पर तू दोन दिसांच्या वर टिकतीस कवा? मग पाव्हणंच झोपत्यात."

मी बॅग तिथंच ठेवली. माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांना कळेल. भावाचा राग येत नाही; त्याला कुणी "कवा जाणार?" असं विचारत नाही, याचा हेवा वाटतो. गॅलरी काय, कुठंही बांधता येते.

निघताना दोन साड्या आणि घरातल्या चपला त्या खोलीच्या कपाटात नीट लावल्या.

आई ओरडली, "आगं, साड्या इसरलीस की!"

"इसरली न्हाई," मी म्हणाले. "कपाटाची किल्ली दे."